अनुमोदक भिमाजी

समता कॉलनीच्या मित्रमंडळात कुठल्याही गोष्टीचा ठराव होत असे. नळाला दुसरी तोटी बसवायची, ठराव. विहाराच्या पत्र्याला डांबर फासायचं, ठराव. जयंतीच्या मिरवणुकीत बँड आणायचा की लेझीम, यावर एकदा तीन रविवार सभा चालली आणि शेवटी दोन्ही आणायचं ठरलं. नाशिकरोडला जेलरोडच्या अलीकडे असलेली ती पन्नासेक घरांची वस्ती. माणसं नोटांच्या प्रेसमधली, रेल्वेतली, नगरपालिकेतली, दोन-चार मास्तर. बहुतेकांचे बाप गावात पायरीखाली हात जोडून उभे राहिलेले. त्यामुळे आपण सतरंजीवर मांडी घालून, हात वर करून, कागदावर काही ठरवतो याचं त्यांना भारी अप्रूप होतं. आणि ते का नसावं?

हे सगळे ठराव ज्या अक्षरात लिहिले जात ते अक्षर भिमाजीचं. भिमाजी मूळचा चांदवडकडचा, नगरपालिकेत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, जाणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, दिवसभर हेच. १९६९ पासून तो मंडळाचा चिटणीस होता. कुणी मोठ्या विश्वासानं निवडून दिला होता असं नव्हे; लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सभेत एक अडचण हमखास यायची. सूचक मिळायचा, कारण तक्रार कुणाची ना कुणाची असतेच. अनुमोदक मिळायचा नाही. जो अनुमोदन देईल त्याच्याच गळ्यात पुढचं काम पडतं, हे सगळ्यांनी अनुभवानं ओळखलं होतं. अध्यक्ष सावळीराम, रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा, "अनुमोदन कोण देतंय?" असं विचारी, आणि अख्खी सभा आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागे. मग भिमाजी वहीतून डोकं वर न काढता म्हणे, "अनुमोदन माझं," आणि लिहून मोकळा होई. ती वही कुठंही उघडा, पानोपानी 'अनुमोदक : भिमाजी'. वस्तीतली पोरं त्याला पाठीमागं अनुमोदकच म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता. काम पुढं सरकलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

घरात मात्र त्याचं काहीच पुढं सरकत नव्हतं.

यशोधरा ही त्याची एकुलती एक मुलगी. जन्म १९६७चा, घरातलं नाव यशी. दोन वर्षांची होईपर्यंत काही वेगळं जाणवलं नाही. मग रडणं सुरू झालं की थांबेना. तिसऱ्या वर्षी ती चावायला लागली, चौथ्या वर्षी भिंतीवर डोकं आपटायला. बोलायला उशीर केला, आणि बोलली ती तरी काय? पाच-पंचवीस शब्द, त्यातला एखादा धरला की तासभर तोच. मनाविरुद्ध काही झालं की हाताला लागेल ती वस्तू समोरच्याच्या अंगावर जाई, आणि तिच्या मनात काय होतं हे आईबापांनाही वस्तू अंगावर आल्यावरच कळे. नगरपालिकेच्या शाळेनं तिला अकरा दिवस ठेवून घेतलं. बाराव्या दिवशी बाई स्वतः तिला घरी सोडायला आल्या, तेव्हा त्यांच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. डॉक्टर झाले. एकानं गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती दोन दिवस झोपली आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट जोमानं उठली. दुसरा म्हणाला, मोठी झाली की शांत होईल. ती मोठी झाली आणि तिचे दातही मोठे झाले.

दुसऱ्या एखाद्या वस्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भगत सुचवला असता, कोंबडं-नारळ झालं असतं, निदान काहीतरी केल्याचं समाधान मिळालं असतं. इथं ती सोय नव्हती. ही माणसं अंगारेधुपारे मागं टाकून आलेली, आणि भिमाजी तर त्यातला कडवा. विमलाबाईची आई एकदा गुपचूप ताईत घेऊन आली, तो त्यानं म्हातारीच्याच हाती परत पाठवला. म्हणजे आजार कसला ते माहीत नाही, उपाय माहीत नाही, आणि ज्याच्या माथी खापर फोडावं असा देवही उरलेला नाही, असा तो संसार होता.

विमलाबाई, त्याची बायको, पूर्वी बालवाडीवर होती. दुसऱ्यांची तीस-तीस मुलं एकटी सांभाळायची. यशी चार वर्षांची झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली, आणि इथं एका मुलीला दोन हात पुरेनासे झाले. घराची शिस्त तिनं बसवली. काचेची वस्तू घरात नाही. तसबिरी थेट आढ्याखाली, झाडूही पोचणार नाही इतक्या उंच. विळी आणि सुरी पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. ताटं-वाट्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, सगळ्यांना पोचे. यशीला भाकरी अख्खी आणि गोल लागे. कड मोडलेली दिसली की ताट उडालंच. मोडक्या भाकरी विमलाबाई खाई. स्टोव्ह पेटलेला असेल तेवढा वेळ यशीच्या कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा आणि त्याचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. हे ऐकून ज्यांना वाईट वाटेल त्यांनी तिला एक दिवस मोकळी सोडून पेटत्या स्टोव्हवर वरण-भात शिजवून दाखवावा. विमलाबाईला काही हौस नव्हती.

संध्याकाळी पाळी भिमाजीची. कचेरीतून आला की चहा घेऊन तो यशीचं मनगट घट्ट धरी आणि तिला रेल्वेच्या पुलावर नेई. खालून मालगाडी चालली की ती शांत उभी राही. डब्यामागून डबा, हूं नाही की चूं नाही. गार्डचा डबा निघून गेला की रडारड, ती मनमाडकडून दुसरी गाडी येईपर्यंत. जाणारे-येणारे थांबून बघत. पहिली काही वर्षं भिमाजीला लाज वाटली. मग ती गेली, पण थकवा काही गेला नाही. मुलीवर त्याची माया होती का? होती. ती झोपलेली असताना जास्त होती.

१९७८च्या मार्चमध्ये नळावर ती गोष्ट घडली. शेजारच्या जयरामची चार वर्षांची मुलगी आपली छोटी लोटी घेऊन आईबरोबर पाण्याला आली होती. विमलाबाई यशीला घेऊन तिथंच होती. भरलेली घागर डोक्यावर घ्यायला तिनं यशीचा हात सोडला, तो केवढा वेळ असेल? तेवढ्यात यशीनं कुणाची तरी रिकामी पितळी कळशी उचलली आणि त्या पोरीच्या कपाळावर घातली. चार टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

जयराम हा काही वाईट माणूस नव्हता, उलट चांगलाच होता. यशी पळून गेली की सायकल काढून शोधायला पहिला तोच धावे. पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो भिमाजीकडे आला आणि दारातच उभा राहिला.

"भाऊ, उद्या मी सभेत मांडणार हाय. मागून वार केल्यासारखं नको, म्हणून आधी सांगाया आलो."

"मांड की. तुझा हक्कच आहे तो," भिमाजी म्हणाला.

जयरामनं खिशातून कागद काढून दिला. त्यावर लिहिलं होतं, 'भिमाजीच्या पोरीला ठाण्याला वेड्याच्या दवाखान्यात पाठवावी.' भिमाजीनं तो वाचला, कपाळाला आठी घातली आणि कानावरचं पेन काढलं.

"असं नाही चालायचं जयराम. नाव घ्यायचं तर पुढं कुमारी लाव. ठाणंबिणं नको, 'योग्य त्या संस्थेत' म्हण. आणि काम कुणी करायचं ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर ठराव लटकतो." असं म्हणत त्यानं त्याच कागदाच्या पाठीमागं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं : 'कुमारी यशोधरा हिला तिच्या व वस्तीच्या हितासाठी योग्य त्या संस्थेत ठेवण्याबाबत चिटणिसांनी संबंधितांकडे अर्ज करावा.'

जयराम कागदाकडे बघतच राहिला. मग आत बघून म्हणाला, "वहिनी, माझ्या मनात पाप नाय."

"टाके कधी काढणार?" विमलाबाईनं आतून विचारलं.

"बुधवारी."

"हळद-दूध देत जा तिला."

तो गेल्यावर विमलाबाई बाहेर आली. "उद्या तुम्ही काय बोलणार?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"चिटणीस बोलत नसतो. लिहीत असतो."

"मग बाप म्हणून बोला. तुम्ही नको म्हणलं तर कुणी पुढं रेटणार नाय."

"बघू," भिमाजी म्हणाला.

रविवारी सकाळी दहाला, वंदना झाल्यावर सभा बसली. पुरुष सतरंजीवर, बायका दाराशी. विमलाबाई कधीच येत नसे, कारण यशीला घेऊन येता येत नसे. जयरामनं ठराव वाचला. वाचून तो खाली बसला. खरं सांगायचं तर तो ठराव व्हावा असं मनापासून कुणालाच वाटत नव्हतं. वस्तीला एवढंच हवं होतं की ही गोष्ट एकदा मोठ्यानं बोलली जावी, भिमाजीनं उठून दोन शब्द बोलावेत, पोरीला सांभाळतो म्हणावं, आणि जयरामनं कागद मागं घ्यावा. सावळीरामही त्याचीच वाट बघत होता. भिमाजी वहीत मान घालून लिहीत होता. शेवटी सावळीराम सवयीनं म्हणाला, "अनुमोदन कोण देतंय?"

सगळे अंगठ्याकडे बघू लागले.

"अनुमोदन माझं," भिमाजी म्हणाला, आणि लिहिलं.

सावळीरामनं चष्मा काढला. "भिमाजी, तू काय बोललास ध्यानात आलं का?"

भिमाजीनं मान वर केली. सगळी सभा त्याच्याकडे बघत होती.

"खोडून टाक," म्हातारा म्हणाला. "माणसाच्या तोंडातून जातं एखाद वेळी. खोड ते."

भिमाजीनं वहीकडे पाहिलं. शाई अजून ओली होती. नऊ वर्षांत वहीत आपण एकदाही खाडाखोड केली नाही, असं कारण त्यानं मागाहून स्वतःला दिलं. ते खोटं होतं. शब्द तोंडातून गेले त्याच क्षणी त्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं होतं, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि ते पुन्हा उचलून घ्यायला त्याचं मन घेईना. इतकं हलकं वाटल्याची त्याला लाजही वाटली, पण वाटलं हे खरं.

"राहू द्या," तो म्हणाला. कुणी हात वर केले नाहीत, कुणी नको म्हटलं नाही. त्यानं 'एकमताने मंजूर' असं लिहून वही मिटली.

तो घरी पोचायच्या आत गोजराबाईनं विमलाबाईला सगळं सांगितलं होतं. गोजराबाई दाराशी बसणारी, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. भिमाजी आला तेव्हा पाट मांडलेला होता. विमलाबाईनं वाढलं, तो जेवला. सोमवारी संध्याकाळी त्यानं चहा घेऊन यशीचं मनगट धरायला हात पुढं केला, तर विमलाबाई चपला घालून तयार.

"मी नेते," ती म्हणाली.

मंगळवारीही तीच, बुधवारीही तीच. दोन दिवस भिमाजीला वाटलं, आपल्याला विसावा देते आहे. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. पुलापलीकडेच स्टेशन होतं, ठाण्याची गाडी तिथूनच मिळे, आणि नवऱ्याच्या हाती पोर एकटी द्यायला ती भीत होती. महिनाभर तिनं यशीला त्याच्याबरोबर एकटं सोडलं नाही. नळावर जाताना, संडासला जातानाही बरोबर नेई, नाहीतर गोजराबाईला आणून बसवी. भिमाजीला या गोष्टीचा इतका राग आला की दोन दिवस तो धड जेवला नाही. आणि रागावायला आपल्याकडे तोंड नाही, हे कळत असल्यानं तो राग बाहेरही काढता येईना.

अर्ज त्यानं कचेरीत लिहिला. दोनदा लिहिला. 'अर्जदाराचे नाते' या ठिकाणी पहिल्यांदा त्यानं 'चिटणीस' लिहिलं. मग ते बरोबर नाही असं वाटून दुसऱ्या कागदावर 'वडील' लिहिलं. पत्ता घातला, घडी केली. आता घरचा असला तरी सवयीनं जावक नोंदवहीत चढवून नंबर टाकायचा, की कागद निघाला. आजवर हजारो कागदांना त्यानं नंबर दिले होते, त्यातले कित्येक माणसांना घराबाहेर काढणारे, नोकरीवरून कमी करणारे, आणि त्याचा हात कधी अडखळला नव्हता. हा अर्ज खणात तीन आठवडे पडून राहिला. रोज सकाळी तो खण उघडून बघे आणि बंद करी. कुणाची दया येऊन नव्हे, काही साक्षात्कार होऊनही नव्हे. नंबर टाकायला पेन उचललं की त्याला विमलाबाईच्या पायातल्या चपला दिसत, एवढंच.

एप्रिलचा पहिला रविवार आला. सभेत मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली ते चिटणिसानं वाचायचं असतं. डांबराचं वाचून झालं, तोटीचं वाचून झालं. मग भिमाजी उभा राहिला. तो सभेत उभा राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"ठराव क्रमांक चार," तो म्हणाला. "कार्यवाही केलेली नाही. अर्ज लिहिला, पाठवला नाही. पाठवणार नाही. माझी मुलगी माझ्या घरात राहील. चिटणीस बदलायचा असेल तर ही वही."

वही त्यानं सावळीरामपुढं ठेवली. ती घ्यायला कुणी हात पुढं केला नाही.

जयराम ताडकन उठला. "मग मला लिहून कशाला दिलं भाऊ? वर तूच अनुमोदन दिलं. लोकांना काय येडं समजतो का?"

"चुकलं माझं," भिमाजी म्हणाला.

"माझ्या पोरीच्या कपाळावर खूण राहिली, तिचं काय?"

जयराम सभा सोडून निघून गेला. मग दाराशी बसलेली गोजराबाई म्हणाली, "आरं, तिच्या मायला नळावर पयला नंबर द्या. बाकीच्यांनी मागून या. पोरं आसपास नसली म्हंजी झालं. एवढी साधी गोष्ट, अन् महिना घालवला." ते मात्र सगळ्यांना पटलं, आणि ठरावाशिवायच ठरलं.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी चमत्काराची वाट बघायला नको. यशी सुधारली नाही. एक्याऐंशी साली तिनं भिमाजीचा पुढचा दात पाडला. चौऱ्याऐंशीत ती हरवली आणि दुसऱ्या दिवशी मनमाडच्या यार्डात सापडली. तिला आणायला भिमाजीबरोबर जयराम गेला. सहा वर्षांत ते दोघे पहिल्यांदा बोलले, तेही गाडी किती उशिरा आहे यावर. नव्वद साल उजाडायला आलं तेव्हाही ती त्याच घरात होती, बावीस वर्षांची, आईपेक्षा अंगानं थोराड, आणि भाकरी अख्खीच लागे. भिमाजी चिटणीस राहिला. पण त्या दिवसापासून त्यानं कुठल्याही ठरावाला अनुमोदन दिलं नाही. त्यामुळे मंडळाचे ठराव निम्म्यावर आले आणि कुणाचं काही अडलं नाही.

पण त्या एप्रिलच्या रविवारचं राहिलंच. सभेतून भिमाजी भरभर घरी आला. आपण काही मोठं केलं असं त्याला वाटत होतं, आणि ते बायकोला कधी सांगतो असं झालं होतं. विमलाबाई जमिनीवर बसून यशीची नखं काढत होती. हे काम खरं दोघांचं. एकट्या बाईनं करायचं तर यशीला भिंतीशी दाबून, तिच्या पायांवर आपला पाय टाकून करावं लागे. तसंच चाललं होतं. विमलाबाईच्या दंडावर ताजे ओरखडे होते.

"सांगून आलो," भिमाजी म्हणाला. "अर्ज पाठवणार नाही म्हणून सांगितलं. भर सभेत."

"बरं केलं," ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

तिनं आणखी काही बोलावं असं त्याला वाटत होतं. ती करंगळीचं नख काढत होती. ते झालं, तेव्हा तिनं विचारलं, "त्या दिवशी चुकून बोललात का?"

महिनाभर हा प्रश्न येणार म्हणून त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं. सवय, घाई, वहीत डोकं. सगळं तोंडाशी आलं.

"नाही," तो म्हणाला.

"मनात होतं?"

"होतं."

विमलाबाईनं यशीच्या बोटांना चिकटलेले नखांचे तुकडे पदरानं झटकले. यशी छताकडे बघत "गाडी, गाडी" म्हणत होती.

"माझ्याही मनात येतं," विमलाबाई म्हणाली. "तुमच्या एकदा आलं असंल. माझ्या रोज येतं. ही झोपली की येतं, उठली की येतं. तुम्ही तोंडानं बोलून दाखवलं, म्हणून मी घाबरले."

भिमाजी दारातच होता. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं आणि सरकून शेजारी जागा केली.

"आता बसा. डावा हात राहिलाय. घट्ट धरा, माझी बोटं दुखायला लागली."